आमच्या साडूंची अपुरी चित्रं

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही चित्र पूर्ण केलं नाही, आणि तरीही भाईंदरच्या मोरव्यापासून मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कपर्यंत आमच्या नात्यागोत्यातली एकही भिंत त्यांच्या चित्रातून सुटलेली नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे आमच्या घरी एक महिना राहिल्याशिवाय कळायचं नाही, आणि आमचं घर एवढं लहान आहे की तसं निमंत्रण मी कुणाला देऊ शकत नाही. तेव्हा सांगतोच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मोठं गमतीचं. रक्ताचं नाही, निवडीचं तर नाहीच नाही. एकाच सासऱ्यांनी पत्करलेल्या दोन जोखमी, एवढंच काय ते साम्य. माझे सासरे रत्नागिरीकडचे, मोजकं बोलणारे. दोन्ही जावयांचं वर्णन ते एका वाक्यात उरकत: थोरला चित्रं काढतो, धाकटा झोपा काढतो. त्यातला धाकटा मी. थोरले मूळचे मोरव्याचे. घरी पूर्वी मिठागरं होती, वडिलांचं सगळं आयुष्य त्या पांढऱ्या वाफ्यांमध्ये गेलं. मुलगा मात्र शाळेच्या वहीत बैलाच्या जागी बैल आणि गाईच्या जागीही बैल काढता काढता मुंबईच्या चित्रकला महाविद्यालयात पोचला, आणि परत येऊन भाईंदरच्याच एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. तिथेही त्यांचं तेच. मुलांना गुण द्यायचे ते पेन्सिलीने, पुढे खोडता यावेत म्हणून. मुख्याध्यापकांनी निकालपत्रकावर शाईचा आग्रह धरला तेव्हा साडू म्हणाले, "सर, पोरगा अजून काढतोय. त्याला आत्ताच कसं सांगू की झालं?"

लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, साडूंची भेट ठरलेली: एक तैलचित्र. लोक मनातल्या मनात स्टीलचा डिनर सेट मागत, हाती मात्र चित्र पडे, आणि तेही ओलं. माझ्या एका चुलत मेहुण्याच्या लग्नात ते थेट स्टेजवर चित्र घेऊन चढले. फोटोसाठी नवरी जरा सरकली आणि तिच्या शालूच्या खांद्यावर मिठागराचा एक कोपरा कायमचा उमटला. नवरीच्या आईचा चेहरा पाहून कुणीही माफी मागितली असती. साडूंनी शालूकडे लक्षपूर्वक बघितलं आणि सांगितलं की हा पांढरा इथे जास्त चांगला बसलाय.

पण भेट देऊन मोकळं होणारा माणूस वेगळा. साडू भेट देत आणि तिच्या मागोमाग येत. आठ-पंधरा दिवसांनी दारात हजर. हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा, त्यात रंग. खिशात चष्म्याचं घर, त्यात ब्रश. आणि चष्मा कुठेय हे ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फोन करून विचारावं लागे. (एकदा माझ्या बायकोने सवयीने तो डबा घासायला टाकला. त्यानंतर किती तरी दिवस आमच्याकडच्या वरणाला टर्पेंटाइनची फोडणी होती.) चहा येई, गप्पा सुरू होत, आणि मग एका क्षणी त्यांची नजर तुमच्या कानाच्या बाजूने निसटून मागच्या भिंतीवर जाई. तुम्ही तुमच्या बढतीची हकिगत सांगत असा किंवा सासूच्या ऑपरेशनची, काही फरक पडत नसे. साडू "हां, हां" करत उठत, चपला काढलेल्याच असत, सोफ्यावर चढत आणि चित्राला लागत. गोडदेवला आमच्या एका भाच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी तिसऱ्या अध्यायात आणि साडू सोफ्यावर. गुरुजींनी कथा थांबवून विचारलं, यजमान कोण? भाचा म्हणाला, मी. ते रंगवताहेत ते पाहुणे आहेत, तुम्ही चालू द्या.

दुसऱ्याच्या चित्रांचीही त्यांना दया येई. मीरा रोडच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे बर्फाच्या डोंगराचं एक छापील चित्र होतं. दाढ सुजलेली असताना, नंबर येईपर्यंत, साडूंनी बॉलपेनने त्या डोंगराला सावली दिली. डॉक्टर बाहेर आले, बराच वेळ बघत राहिले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच विचारलं की आकाशाचं काही करता येईल का. कलेवर बोलायला तर साडूंना माणूस चालतो, एवढीच अट. भाजीवाल्यापुढे टोमॅटो उचलून, "भैया, ये लाल देखो, ये अंदर से आ रहा है, ऊपर से लगाया हुआ नहीं है," असं त्यांनी इतका वेळ सांगितलं की मागे रांग लागली. भाजीवाला म्हणाला, "अंकल, अंदर का बाद में देखना, पहले आधा किलो बोलो."

आता आमच्या चित्राविषयी. सिल्व्हर पार्कमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा साडूंनी वास्तुशांतीला दिलेलं. मिठागर, मधून जाणारा बांध, आणि बांधावरून पाठमोरा चाललेला एक माणूस. डोक्याला फडकं, गुडघ्यापर्यंत धोतर. आला तेव्हा तो चांगला हातभर होता. पोटऱ्यांवर सुकलेलं मीठसुद्धा दिसायचं. मग साडूंचे चहा सुरू झाले. दर वेळी ते तो माणूस पुसून टाकत आणि जरा लहान करून पुन्हा काढत. दोन वर्षांत तो वीतभर झाला, पुढे बोटभर. आलेगेले विचारत, पहिल्यांदा आलो तेव्हा हा मोठा होता ना? माझी बायको सुती सदऱ्याबद्दल बोलावं तसं म्हणे, "धुण्यात आटतो." मी माझ्या परीने सिद्धान्त मांडला होता की साडूंना माणूस नीट जमत नाही, म्हणून तो जितका लहान तितकं बरं. चित्रकलेतलं माझं सगळं ज्ञान किराणा दुकानाच्या कॅलेंडरांवर पोसलेलं आहे, पण मत द्यायला मी कधी मागे राहिलो नाही. बाकीच्या घरांतही असंच काही चाललंय हे आम्हांला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटे, फक्त आपल्याच चित्राची वाट लागतेय, आणि साडूंचा मान राखायचा म्हणून कुणी कुणाजवळ बोलत नसे.

अशात, दोन हजार सालानंतरची चार-सहा वर्षं उलटली असतील, एक तरुण मुलगी आमच्या समोरच्या बिऱ्हाडात मावशीकडे आली होती. दार उघडं होतं. आमच्या सोफ्यावर उभा राहून रंगवणारा गृहस्थ आणि त्याच्या पायांशी बसून निवांत पेपर वाचणारा मी, हे दृश्य तिने पाहिलं आणि सरळ आत आली. ती मुंबईतल्या एका कलादालनात कामाला होती. तिथे एक उपक्रम चालायचा: आजच्या काळात काम करणाऱ्या चित्रकारांनी आपली चित्रं मांडायची, आणि एका संध्याकाळी लोकांसमोर आपल्या जगण्याबद्दल, कामाबद्दल बोलायचं. तिने साडूंना विचारलं, तुम्ही याल का?

साडू सोफ्यावरून उतरले. पन्नाशी उलटलेल्या या माणसाशी आम्ही सगळे चहाबद्दल, दाढेबद्दल, ताईंच्या रक्तदाबाबद्दल बोललो होतो. ते कलेवर बोलत तेव्हा आम्ही "हां, हां" करत असू. "आम्हांला तुमच्याकडून ऐकायचंय" असं त्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्या बायकोकडे पाणी मागितलं. हातातला ब्रश त्या पाण्यात बुडवला नाही, पाणी प्यायले, यावरून प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं.

चित्रं अर्थातच त्यांच्याकडे नव्हती, नातेवाइकांकडे होती. मग मी आणि ताई टेम्पो करून मोरवा, गोडदेव, मीरा रोड असे फिरलो आणि चित्रं गोळा केली. भिंतींवर चौकोनी फिकट डाग सोडून ती आमच्या आतल्या खोलीत आली. त्या मुलीने फोटोग्राफर आणून प्रत्येकाचा फोटो काढला, छापील पुस्तिकेसाठी, आणि जाताना साडूंना बजावलं, "अंकल, आता एका ठिपक्यालाही हात नाही हं लावायचा. पुस्तिकेतलं आणि भिंतीवरचं वेगळं निघालं तर आमचे वरचे लोक चित्रच उतरवतात. फोटो झाला, म्हणजे फायनल." साडूंनी तो शब्द तोवर फक्त क्रिकेटच्या संदर्भात ऐकला होता.

म्हणून चित्रं ताईंच्या घरी न्यायची नाहीत असं ठरलं आणि राखणीला मला नेमलं. ताईंनी कारणही दिलं: "तुम्हांला त्यातलं काही कळत नाही ना, तुम्हीच बरे. कळणारा माणूस त्यांना सामील होईल." माझ्यावर विश्वास टाकण्याची ही आमच्या कुटुंबातली पहिलीच वेळ, पण तोही अर्धाच, कुलूप माझ्या दाराला आणि चावी बायकोच्या मंगळसूत्राला.

मग साडूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा छत्री विसरली म्हणून आले, नेलीही; दुसऱ्या दिवशी ती परत करायला आले, ती त्यांचीच होती. बंद दाराशी उभे राहून विचारत, आत वारा लागतोय ना त्यांना? आजारी माणसाची चौकशी करावी तसा आवाज. बायको म्हणे, "भाऊजी, सगळी छान झोपलीत, तुम्ही बसा." ते बसत. हाताला काम नाही म्हणून त्यांनी आमच्या चपलांच्या रॅकला रंग दिला, मग वाळल्यावर पुन्हा दिला, आणि पांढऱ्यात थोडा निळा हवा होता म्हणून तिसऱ्यांदा. एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "राव, एकच चित्र. गोडदेवचं. ते फार दिवस तसंच राहिलंय." त्यांचा चेहरा बघून मी खरोखर चावी मागायला स्वयंपाकघरात गेलो. बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं हातात धरून माझ्याकडे पाहिलं, आणि मी साडूंसाठी दुसरा चहा घेऊन परत आलो.

भाषणाचं आणखी वेगळं. शाळेतल्या मराठीच्या सरांनी त्यांना ते लिहून दिलं होतं. त्यात अवकाश होतं, अमूर्त होतं, अस्तित्वाची स्पंदनं होती. साडू रोज मला ते वाचून दाखवत. तिसऱ्या ओळीला मला झोप लागे. त्यांना राग आला नाही, म्हणाले, "झोप लागली म्हणजे लय जमलीये." पण पाचव्या-सहाव्या दिवशी कागद घडी करत म्हणाले, "हे सगळं बरोबरच असेल. फक्त यात मी कुठाय ते सापडत न्हाय." असं "न्हाय" त्यांच्या तोंडून एरवी यायचं नाही. ते फार घाबरले की मोरवा बोलत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ताईंनी घरातून निघताना त्यांचे खिसे तपासले. चष्म्याच्या घरात चष्मा आहे याची खात्री करून घेतली. बरोबर त्यांची आई होती, ऐंशीच्या पुढची, नऊवारी नेसलेली. येऊ नका, दमाल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती म्हणाली, पोरगा बोलणार हाय तर मी घरी बसून काय करू?

कलादालन थंडगार, पांढरं. चित्रं एका रांगेत लावली होती. म्हातारीने माझा दंड धरला आणि एका टोकापासून चालायला सुरुवात केली. प्रत्येक चित्रापुढे थांबे. मला वाटलं, गुडघे दुखतायत. मी आपला एसीच्या वाऱ्यात उभा होतो, आणि तेव्हा, केवळ तिच्यामुळे पाय रेंगाळले म्हणून, मला दिसलं. गोडदेवच्या चित्रात तो पाठमोरा माणूस एवढा जवळ होता की टाचेच्या भेगा दिसत होत्या. पुढच्यात चार पावलं गेलेला. मग वळणावर. मग लांब. तेच फडकं, तीच उजवीकडे जरा कललेली मान. शेवटचं चित्र आमचं, त्यात तो नखाएवढा. आम्ही सगळे नातेवाईक एकाच माणसाला वर्षानुवर्षं आपापल्या भिंतीवर वागवत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. मी म्हातारीला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं.

आधी दोघे बोलले. एक मुलगा कित्येक वर्षं वेगवेगळ्या भिंतींवर पडलेल्या स्वतःच्या सावलीचे फोटो काढत होता. एक बाई जुन्या पडद्यांवर टाके घालत होत्या. दोघंही छान बोलले, पडद्यावर चित्रं दाखवत. मग साडू उभे राहिले. कागद उघडला. "रंगावकाशाच्या अमूर्त परिमाणांमधून," इथवर आले आणि कुणाचा तरी मोबाइल वाजला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आवाज खाली खाली जात होता. मागच्या रांगेतले दोघे उठून गेले. ती मुलगी मान खाली घालून पुस्तिका चाळत होती. ताईंनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरलेला मला दिसला. एवढ्या वर्षांनी मिळालेली ही एक संध्याकाळ आमच्या डोळ्यांसमोर वाया चालली होती, आणि मला जन्मात पहिल्यांदाच त्या भाषणाला झोप येत नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला. घरातल्या घरात बोलावं तसा.

"आरं, ह्यो तुजा बापूस हाय ना?"

साडू थांबले. कागदावरून नजर उचलून आईकडे बघितलं. "हाय," म्हणाले.

"मग त्याला यवरा लांब कशाला धाडलास?"

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. साडूंनी कागद खुर्चीवर ठेवला.

"मी न्हाय धाडला, आये. तो जातोय. मी नुसता बघतोय."

आणि मग ते बोलायला लागले. आईशीच बोलत होते. आम्ही बाकीचे ऐकत होतो. लहानपणी दुपारी वडिलांची भाकरी घेऊन ते मिठागरात जात. वडील बांधावर बसून जेवत, हात धुवत, आणि उठून लांबच्या वाफ्यांकडे चालू लागत. मुलाने रिकामा डबा घेऊन घरी यायचं. पण त्याला वाटे, बाप दिसेनासा होईपर्यंत उठायचं नाही. आपण उठलो तर त्याच्या मागे कुणी नाही. उन्हाने सगळं पांढरं झालेलं, आणि त्यात तो बारीक बारीक होत जाणारा ठिपका. चित्र म्हणून त्यांना एवढंच येतं, असं ते म्हणाले. लोक विचारतात की पूर्ण का करत नाही. "चालता माणूस आहे. आज इथे काढला, तर पंधरा दिवसांनी तो तिथेच कसा असेल? जाऊन बघावं लागतं. थोडा पुढे गेलेला असतो. तेवढा पुढे नेतो. मग चहा पितो." मिठाचंही तसंच असतं म्हणाले, वडील कधी मीठ झालं म्हणत नसत, पाऊस आला म्हणून थांबलो, म्हणत.

म्हातारी पदराने तोंड पुसत होती. तिने विचारलं,

"जेवून चाललाय ना?"

"जेवून."

"मग जाऊ दे."

टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या. उठून गेलेले ते दोघे दाराशीच उभे होते असं नंतर कळलं. सावलीवाला मुलगा येऊन साडूंशेजारी नुसता उभा राहिला. गर्दी पांगल्यावर साडूंनी त्या मुलीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. तिचे डोळे लाल होते, तरी तिने ठाम मान हलवली. प्रदर्शन संपेपर्यंत नाही म्हणजे नाही.

संपलं, आणि चित्रं आपापल्या भिंतींवर परत गेली. नात्यात मात्र फरक पडला. पूर्वी लोक साडू आलेले दिसले की सोफ्यावर घडीचे कपडे पसरून ठेवत. आता जुनी चादर अंथरतात. गोडदेवचा भाचा येता-जाता ऐकवतो, आमच्याकडचा अजून जवळच आहे हो, टाचा दिसतात. ज्या नवरीच्या शालूला रंग लागला होता, तिने म्हणे तो खांदा ड्रायक्लीनिंगला द्यायचं थांबवलंय.

पंचाईत आमची झाली. आमच्याकडचा आधीच सगळ्यांत पुढे. प्रदर्शनानंतर साडू दोन-तीनदा येऊन गेले आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा राहिला. एका सकाळी बायको चौकट पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि मला हाक मारून म्हणाली, "अहो, आता किती चहा उरले असतील?" सासऱ्यांना जाऊनही तेव्हा वर्ष होत आलं होतं.

तेव्हापासून साडू आले की ती त्यांना थेट स्वयंपाकघरात नेते. हॉलमधला पंखा बिघडलाय म्हणते. पंखा गरगर फिरत असतो. साडू वर पंख्याकडे बघतात, "हां बाय, उकडतंय खरं," म्हणतात, आणि स्टूल ओढून ओट्याशी बसतात. थालीपीठ खातात. कांद्याच्या आतल्या जांभळ्यावर बोलतात. ती उगाच आणखी एक थालीपीठ तव्यावर टाकते.

निघताना मात्र हॉलमधूनच जावं लागतं. चपला घालायला ते भिंतीला हात टेकून वाकतात आणि तसेच, मान जरा उजवीकडे कलती करून, डोळे बारीक करून चित्राकडे बघतात. बायको उलथनं हातात घेऊन दारात उभी असते.

"दिसतोय अजून," ते म्हणतात, आणि जिना उतरायला लागतात.